धीर कोणाचा?

आपल्या भाषेत एक म्हण आहे : शिजेपर्यंत दम निघतो, पण निवेपर्यंत निघत नाही. कार्याच्या आरंभापासून शेवटाच्या टोकापर्यंत जो धीर धरतो आणि फळ हाती येण्याच्या क्षणी उतावीळ होऊन तोंड भाजून घेतो, त्याच्यावर ही म्हण योजिली जाते. अध्यापनाच्या व्यवसायात आम्ही ती विद्यार्थ्यांना कितीदा ऐकविली असेल याची गणती नाही. परंतु तिच्या पूर्वार्धाकडे आमचे लक्ष अगदी अलीकडेपर्यंत गेले नव्हते. शिजेपर्यंत दम निघतो, हे इतक्या सहजपणे कोण म्हणू शकतो? जो जेवणाची वाट पाहत बाहेर बसला आहे तोच. जो चुलीपुढे बसला आहे, किंवा खरे सांगावयाचे तर जी बसली आहे, तिच्या दृष्टीने तो काळ दम काढण्याचा नसून काम करण्याचा असतो. म्हणजे ही म्हण जेवणाऱ्याने केलेली आहे, रांधणारीने नव्हे. एवढ्या लहानशा गोष्टीवरून धीर या सद्गुणाविषयी एक प्रश्न आमच्या मनात उभा राहिला. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

विचाराचे निमित्त मात्र अगदी घरगुती आहे. वसईच्या उत्तर भागातील नंदाखाल हे आमचे गाव. तेथील आमच्या घरात रविवारी बीफ शिजत असे, व तेही स्वस्तातले, नळीचे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना या पदार्थाचे नावही रुचणार नाही हे आम्ही जाणतो. त्यांनी हवे तर त्याच्या जागी पुरण समजावे, किंवा आटवलेली बासुंदी समजावी. ज्या पदार्थाला वस्तूपेक्षा वेळ अधिक लागतो, असा कोणताही पदार्थ आमच्या मुद्द्याला चालेल. आम्ही जे पाहिले त्याविषयी लिहितो, इतकेच.

पदार्थाचे नाव घेतले आहे तर त्याची आजची स्थितीही सांगून टाकणे बरे. महाराष्ट्रात गाईच्या वधास १९७६ च्या कायद्याने मनाई झाली. बैल व वळू यांनाही ती लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली संमत केली. राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ती वीस वर्षे थांबली व २०१५ च्या मार्चमध्ये अमलात आली. पुढे ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेविली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हाच गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. म्हैस व रेडा यांना ही बंदी लागू नाही. म्हणून आज आमच्या गावात बीफ या नावाने घरात येते ते म्हशीचे वा रेड्याचे. नाव जुने राहिले, वस्तू बदलली. शिजविण्याची रीत मात्र बदलली नाही, कारण रेड्याची नळी बैलाच्या नळीहून मऊ असते असे कोणी म्हणणार नाही.

खाटकाच्या दुकानात एकाच जनावराच्या मांसाला निरनिराळे भाव असतात. पाठीच्या कण्याखालचा जो लांबट कोवळा भाग, ज्याला मुंबईकडे अंडरकट म्हणतात, तो सर्वांत महाग. आणि पायाच्या हाडाभोवतीचा, शिरांनी व पांढऱ्या पापुद्र्यांनी गुंतलेला भाग, म्हणजे नळीचे मांस, ते स्वस्त. लहानपणी हा भेद आम्हांस केवळ श्रीमंत-गरिबांचा वाटे. पुढे वाचनाने त्यामागचे कारण कळले, आणि ते मोठे विचार करावयास लावणारे आहे. जनावर उभे असो वा चालत असो, कण्याखालच्या त्या स्नायूला फारसे काम पडत नाही. म्हणून तो मऊ राहतो. पायाच्या स्नायूंना जन्मभर सारे ओझे वाहावे लागते. जो स्नायू अधिक राबतो त्याच्या तंतूंभोवतीचे कोलॅजेन नावाच्या द्रव्याचे वेष्टण अधिक दाट व चिवट होत जाते. वय वाढते तसतसे ते अधिकच घट्ट विणले जाते. आमच्या आजोबांच्या काळी वसईच्या वाड्यांना रहाटाचे पाणी असे, आणि रहाटाला जनावर जुंपलेले असे. केळीच्या बागेला पाणी मिळावे म्हणून दिवसभर एकाच रिंगणात फिरणाऱ्या त्या जनावराचे पाय कसे झाले असतील? खाटकाच्या तराजूत ज्याला निकृष्ट म्हणून कमी भाव मिळतो तो कष्टाचा साठा असतो. आळशी स्नायूला मान व राबलेल्या स्नायूला हीन किंमत, हा न्याय मनुष्याने फक्त जनावरापुरताच राखून ठेविला आहे असे नाही.

आता शिजविण्याची रीत. मांसाचे मोठे तुकडे हाडासकट घ्यावयाचे. मीठ, हळद, आले-लसूण व ताडीचा शिरका लावून ते रात्रभर मुरत ठेवावयाचे. मांसाला शिरका व लसूण लावण्याची ही पद्धत पोर्तुगिजांची. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर त्यांचा अंमल होता, व त्यांच्या मद्य-लसणीच्या मांसाचे नावच घासून-घासून आमच्याकडे ‘इंद्याल’ झाले. पहाटे चूल पेटवून तेलात कांदा परतावयाचा, मांस लालसर होईतो भाजावयाचे, पावसाळ्यापूर्वी कुटून बाटल्यांत दाबून भरलेला मसाला घालावयाचा, मांस जेमतेम बुडेल एवढे गरम पाणी ओतावयाचे आणि झाकण ठेवावयाचे. येथपर्यंतचे काम अर्ध्या तासाचे. खरे काम पुढे. लाकडे मागे ओढून नुसत्या निखाऱ्यावर तीन-चार तास ते रांधावयाचे. निखारा विझू लागला की करवंटीचा तुकडा सारावयाचा, आच वाढली की राख लोटावयाची. पाण्यावर एखादा बुडबुडा यावा, पण खळखळ होऊ नये. खळखळून उकळी आली तर मांस मऊ होत नाही, उलट त्याचे दोर होतात.

या कृतीतील सर्वांत आश्चर्याची गोष्ट ही की मांस मऊ होण्यापूर्वी अधिक कठीण होते. चूल पेटल्यावर पाऊण तासाने एक तुकडा काढून पाहावा. तो कच्च्या मांसाहूनही चिवट लागतो. याची उपपत्ती अशी सांगतात, की साठ ते पासष्ट अंश सेल्सियसच्या सुमारास ते कोलॅजेनचे वेष्टण आकसते आणि आतल्या तंतूंना पिळून त्यांतला रस बाहेर काढते. सत्तर अंशांच्या पुढे तेच वेष्टण हळूहळू विरघळू लागते व त्याचे जिलेटीन होते. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो याच्यामुळेच. पण हे विरघळणे घटकांच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने होते. ज्याला हे ठाऊक नाही तो पाऊण तासाने निराश होतो. मांस वाईट निघाले म्हणतो. विस्तव वाढवितो आणि सगळेच बिघडवितो. ज्याला ठाऊक आहे तो त्या कठीण तुकड्याकडे पाहूनही स्वस्थ राहतो.

येथे नीतीचा एक सुंदर दृष्टांत आयता सापडतो, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आमच्याही आले होते. काही वर्षांपूर्वी गावच्या तरुणांच्या एका मेळाव्यात चार शब्द बोलण्याचा प्रसंग आला, तेव्हा आम्ही हाच दृष्टांत विस्ताराने सांगितला. मनुष्याचा स्वभाव, एखादी विद्या, दोन घराण्यांतले वैर, यांपैकी काहीही निवळावयाचे असले तर ते प्रथम अधिक कठीण होते. तेथे जो घाबरतो तो हरतो, आणि मंद आच जो सोडीत नाही तो जिंकतो, असे आमच्या व्याख्यानाचे तात्पर्य होते. ते आम्ही आमच्या मातोश्रींच्या रविवारच्या मडक्याचे वर्णन करून रंगविले. तरुण मंडळी खूश झाली. श्रोत्यांत आमची थोरली बहीणही होती. घरी आल्यावर ती म्हणाली, “चांगला बोललास. पण मडक्यापाशी कोण बसले होते, ते काही तू सांगितले नाहीस.”

आम्ही म्हणालो, “आई बसली होती, असे सांगितले की.”

“ते नाव सांगितलेस. धीर मात्र तुझा म्हणून सांगितलास,” एवढे बोलून ती आपल्या कामाला गेली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते विसरता येईना. मग आम्ही त्या रविवारचा हिशेब मनाशी पुन्हा मांडून पाहिला. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या देवळात रविवारी सकाळी घरातील सर्व मंडळी नव्या कपड्यांत मिस्सेला जात. परंतु त्या सर्वांत आई नसे. ती अंधारात उठून एकटीच पहिल्या मिस्सेला जाऊन येई, कारण पुढचे तास मडक्यापाशी कोणी तरी असावयास हवे होते. आम्ही मिस्सेहून परत येऊन अंगणात खेळत असू, वडील पाहुण्यांशी बोलत असत, आणि आत धुरात ती राख लोटीत व करवंट्या सारीत असे. पुढे तिला दम्याचा त्रास सुरू झाला तेव्हा तिच्या जागी आमची बहीण बसू लागली. प्रथम रविवारी, मग इतर दिवशीही. आणि सातवीनंतर तिची शाळा सुटली. आमची सुटली नाही. आम्ही पुढे महाविद्यालयात गेलो, तेथे इंग्रजी निबंधकारांचे धीरावरचे निबंध वाचले, आणि कालांतराने त्याच विषयावर व्याख्याने देऊ लागलो.

नळीचे मांस स्वस्त असते असे वर म्हटले. आता ते विधान दुरुस्त केले पाहिजे. ते खाटकाच्या दुकानात स्वस्त असते. अंडरकट दहा मिनिटांत शिजते. नळीला चार तास लागतात. या दोहोंच्या भावात जो फरक आहे तो नाहीसा होत नाही. तो पैशांतून उतरून वेळेत चढतो, आणि तो वेळ घरातील ज्या व्यक्तीच्या वेळेला शून्य किंमत धरलेली असते तिच्या नावावर लिहिला जातो. ज्या घरात तिच्या तासाला बाजारात मोल येईल त्या घरात हे मांस स्वस्त राहणार नाही. काटकसर हा सद्गुण खराच. परंतु पुष्कळदा एकाने केलेली काटकसर ही दुसऱ्याने भरलेली किंमत असते.

असा प्रकार केवळ आमच्या घरातला किंवा आमच्या गावातला आहे असेही नाही. मंद आचेवर मांस शिजविण्याच्या शास्त्राच्या इतिहासात काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध झालेल्या बेंजामिन टॉम्पसनची (१७५३–१८१४) एक हकीकत सांगतात. उष्णतेविषयी याने केलेले प्रयोग विख्यात आहेत. बटाटे वाळविण्यासाठी केलेल्या एका यंत्रात मेंढ्याच्या खांद्याचे मांस भाजते की नाही हे पाहण्याची त्याला लहर आली. तीन तास वाट पाहूनही मांस शिजले नाही, तेव्हा त्याने नाद सोडला व ते स्वयंपाकिणींच्या हवाली केले. रात्र झाली होती. ते तेथेच ठेवून त्या निजावयास गेल्या. सकाळी पाहतात तो मांस उत्तम शिजलेले. मंद उष्णतेच्या गुणाचे हे निरीक्षण रम्फर्डच्या नावाने ग्रंथांत नोंदले गेले, आणि त्याने ते प्रामाणिकपणे लिहून ठेविले हे त्यास भूषणावह आहे. परंतु तीन तासांत ज्याचा धीर सुटला त्याचे नाव राहिले. ज्यांच्या हातून ते मांस रात्रभर राहिले त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. आमच्या व्याख्यानातही याहून निराळे काय घडले होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धीर हा सद्गुण आहे काय? आहे, यात शंका नाही. पण तो कोणाचा असला म्हणजे सद्गुण ठरतो? अॅरिस्टॉटलने कृत्याला सद्गुणाचे म्हणण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : करणाऱ्याने ते समजून करावे, ते निवडून व त्या कृत्यासाठीच करावे, आणि स्थिर वृत्तीने करावे. या कसोटीवर आमचा, म्हणजे जेवणाऱ्यांचा, धीर घासून पाहिला तर तो टिकत नाही. आम्ही काहीच निवडले नव्हते. आम्ही केवळ भुकेले होतो आणि बाहेर खेळत होतो. आईचा धीर मात्र समजून केलेला होता व स्थिरही होता. पण निवडलेला होता काय? येथे आम्ही अडखळतो. जिच्यापुढे दुसरा मार्गच ठेविलेला नव्हता तिने निवड केली असे म्हणणे हा शब्दांचा खेळ होईल. उलट, तिने काहीच निवडले नाही, ती केवळ परिस्थितीने बसविलेली बाहुली होती असे म्हणावे, तर तो तिचा अपमान होईल. कारण मडक्यावरचे झाकण किंचित उचलून वास घेताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आम्ही पाहिले आहे ते बळजबरीच्या कामात दिसत नसते.

कोणी म्हणेल, प्रेमाने केलेल्या कामाचा हिशेब मांडणे हाच अधर्म आहे. आई हयात असती तर कदाचित तीही हेच म्हणाली असती, आणि आमच्या या निबंधाला हसली असती. या आक्षेपात तथ्य आहे. पण तो कोणाच्या तोंडी शोभतो याचा विचार केला पाहिजे. ‘मी हिशेब मांडीत नाही’ असे देणाऱ्याने म्हटले तर ते औदार्य होय. ‘तू हिशेब मांडू नकोस’ असे घेणाऱ्याने म्हटले तर ते काय होय, हे सांगावयास नको. आम्ही पुष्कळ वर्षे दुसरे वाक्य बोलत आलो आणि त्याला पहिल्याचा मान देत आलो.

शुभवर्तमानात मार्था व मरिया या बहिणींची कथा आहे. प्रभू घरी आले असता मरिया त्यांच्या पायांशी बसून ऐकू लागली, आणि मार्था कामाच्या गर्दीत एकटी पडून तक्रार करू लागली. तेव्हा मरियेने चांगला वाटा निवडला आहे असे तिला सांगण्यात आले. या कथेवर आम्ही असंख्य प्रवचने ऐकली आहेत, व त्या सर्वांत मार्थेला थोडा दोष आणि मरियेला बरीच स्तुती मिळाली आहे. आमच्या थोरल्या बहिणीने ती प्रवचने क्वचितच पूर्ण ऐकली असतील. मडके चुलीवर असे. आज ती कथा वाचताना आमचे लक्ष एका शब्दाकडे जाते : मरियेने ‘निवडला’. चांगला वाटा निवडता येणे हीच त्या वाट्याची थोरवी. ज्या घरात एका बहिणीला कधीच निवडता येत नाही, त्या घरात दुसऱ्यांच्या ऐकण्याचे पुण्य निर्भेळ राहत नाही.

यावर सोपा तोडगा यंत्राचा, असे कोणी सुचवील. देनी पापँ या फ्रेंच वैद्याने १६७९ साली लंडनमध्ये वाफेच्या दाबाने हाडेदेखील मऊ करणारे पात्र करून दाखविले. आजचा प्रेशर कुकर हा त्याचाच वंशज. उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांवर चढत नाही. कुकरात ते सुमारे एकशेवीसपर्यंत जाते, व नळीचे चार तासांचे काम तासाच्या आत होते. आमच्या घरी कुकर फार उशिरा आला. तो यावा म्हणून आईने एकदा गोष्ट काढली होती, तेव्हा चुलीची चव कुकराला येत नाही असे म्हणून ती गोष्ट परतविण्यात आली. परतविणाऱ्यांत आम्हीही होतो. चवीचे म्हणणे काही अंशी खरेही आहे. बाष्पावाटे रस्सा आटून जो दाटपणा येतो तो बंद भांड्यात येत नाही. पण त्या दाटपणाचा आग्रह धरण्याचा अधिकार कोणाला? जो स्वतः चार तास बसावयास तयार आहे त्याला. इतरांनी कुकरातले निमूटपणे खावे. परंपरा, रुची, मंद जीवनाचा महिमा यांविषयी हल्ली पुष्कळ लिहिले जाते, आणि त्यातले पुष्कळसे खरे असते. लिहिणाऱ्याच्या हाताला राखेचा वास येतो की नाही, एवढे मात्र वाचणाऱ्याने पाहावे.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे. धीर हा दुसऱ्याच्या खात्यातून काढून वापरता येण्यासारखा गुण नाही. तो ज्याचा त्यानेच धरावा लागतो. आणि जेथे एकाच्या धीराचे फळ अनेकांना मिळते तेथे त्या अनेकांवर दोन कर्तव्ये येतात : तो धीर कोणाचा हे बोलून दाखविणे, आणि आपली पाळी आली की उठून विस्तवापाशी बसणे. यांतले पहिले कर्तव्य सोपे आहे, आणि आम्हां लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मंडळींची समजूत तेवढ्यानेच होऊन जाते. दुसऱ्यावाचून पहिले केवळ अलंकार होय. मेलेल्यांचे ऋण या मार्गाने फिटत नाही, सुटलेली शाळाही परत मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण जे फिटत नाही ते ऋणच नव्हते, असे मानण्यापासून तरी मनुष्य यामुळे वाचतो.

गेली दोन वर्षे आम्ही सुटीत गावी गेलो म्हणजे रविवारी पहिल्या मिस्सेला जातो, आणि परत येऊन नळीचे मांस आम्हीच चढवितो. आता चूल नाही, गॅस आहे. राख लोटावी लागत नाही, बारीक ज्योत लावून बसता येते. तरीही पहिल्या खेपेस पाऊण तासाने तुकडा काढून पाहिला तेव्हा, सारे शास्त्र पाठ असूनही, आमचा हात ज्योत मोठी करण्याकडे गेला. पुस्तकातला धीर चुलीजवळ किती उपयोगी पडतो हे त्या वेळी कळले. थोरली बहीण त्या दिवशी नऊच्या मिस्सेला गेली होती, सावकाश चालत परत आली, आणि ओट्यावर बसून शेजारणीशी बोलत राहिली. आत येऊन काही मदत हवी का, असे तिने विचारले नाही. जेवताना तिने पहिला घास घेतला आणि मीठ थोडे कमी पडले असे सांगितले. ते खरेच कमी पडले होते.